ओळ क्रमांक ३१७

पातेल्याचं झाकण थडथडलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. घेवडा शिजत होता. वर्नाबाई उठल्या, झाकण कलतं केलं आणि पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या. मला मात्र हात लावला नाही.

मित्रांनो, मी सह्यांची एक जुनी वही आहे. हिरव्या कापडाची बांधणी, कोपऱ्यांना चामडं. केंटकीच्या डोंगरांतल्या चार लहान कॉलेजांनी मिळून १९२४ साली एक गुणवंत मंडळ काढलं, तेव्हा माझा जन्म झाला. कॉलेजं चार, वही एकच. दर वसंतात मी पुढच्या कॉलेजात जायची. कधी टपालगाडीने, कधी कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी, गोणपाटात गुंडाळून.

तेव्हा माझा मान काय सांगू! मुली मला शिवण्याआधी परकराला हात पुसायच्या. एकदा एका मुलीचे खाणकामगार वडील आले होते. ते हात पाठीमागे धरूनच वाकले. "हेच का गं तुझं नाव?" "हो, बाबा. हात लावून बघा ना." "नको, काळं लागेल." बराच वेळ ते नुसतेच बघत राहिले.

माझ्यात सही झाली की माणूस मंडळाचा झाला, त्याआधी नाही. समारंभ रविवारी दुपारी, पडदे ओढून, मेणबत्त्या लावून. मेणबत्त्या जळत असेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही. चिटणीसबाई माझ्या ओळींना लाल शाईने आधीच आकडे घालून ठेवायच्या, एका नावाला एक ओळ. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्यांदाही "हजर" आलं नाही, की ती ओळ कायमची कोरी.

१९५७ च्या वसंतात वर्ना सिझमोर दारात उभी राहिली. वय एकवीस, नवरा फौजेत, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि कडेवर चार महिन्यांची आयलीन. तीन तास बसचा प्रवास करून आली होती. ओढणीसारख्या पांघरलेल्या शालीचं टोक लेकीच्या मुठीत होतं.

चिटणीस स्ट्रंकबाई म्हणाल्या, "अगं, हा मेणबत्त्यांचा समारंभ आहे, पाळणाघर नव्हे."

"भूक लागलीय हो तिला. दोन मिनिटांत पाजून येते."

आडनाव 'स'वरून, म्हणजे आपली पाळी शेवटी, असं तिने धरलं होतं. सगळीकडे तसंच असतं ना! पण आमच्याकडे नावं गुणांच्या क्रमाने पुकारत, सगळ्यांत हुशार ते सगळ्यांत आधी. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

दार लागलं. मेणबत्त्या लागल्या. स्ट्रंकबाईंनी पहिलंच नाव वाचलं, "वर्ना सिझमोर."

दाराबाहेर, कोटांच्या खुंट्यांखाली, बाळ रडत होतं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. मलाही. नाव दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. दाराजवळ बसलेल्या मुलीने दाराच्या मुठीकडे हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. मेणबत्त्या जळत होत्या ना!

वर्ना आत आली तेव्हा आठवी सही चालली होती. समारंभ संपेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग बस धरायला निघून गेली.

पुढे १९७१ मध्ये सह्यांऐवजी सभासदांची छापील कार्डं आली आणि मला तळघरातल्या कपाटात ठेवलं. सत्तावीस वर्षं. पोटात पाचशेवर माणसं, आणि मी एकटी. वर लोकांची पावलं वाजायची. दर वेळी वाटायचं, आपल्यासाठीच आली. मग ती दुसरीकडेच जायची.

मंडळाला पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून त्याचा इतिहास लिहायचं मंडळाच्या समितीने ठरवलं. ते काम निवृत्त ग्रंथपाल डॉइल नेपियर यांच्याकडे आलं. त्यांनी मला शोधलं, धूळ पुसली, आणि ३१७ क्रमांकाच्या कोऱ्या ओळीवर थबकले. माझ्या मागच्या पुठ्ठ्यात १९५७ ची गुणांची यादी घडी करून ठेवलेली होती, पहिलंच नाव वर्नाचं. आज ते मला घेऊन वर्नाबाईंच्या घरी आले.

"ताई, ही तुमची ओळ."

"त्या वर्षाच्या नावांत 'स' इतकं वर कसं रे?"

"नावं गुणांनी पुकारायचे. तुम्ही पहिल्या होता."

वर्नाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चाळीस वर्षं मी समजत होते, त्या दिवशी आयलीन जरा जास्तच वेळ दूध प्यायली, म्हणून माझी पाळी हुकली."

मित्रांनो, जुन्या वह्यांना ओल लागू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण सह्या वाचता वाचता एखादी कोरी ओळ आली, तर तिच्यापाशी जरा थांबा. तिथेही कुणीतरी आलेलं असतं.

डॉइल घसा खाकरून म्हणाले, "समिती म्हणते, सही नाही तर इतिहासात नाव नाही. मी पेन आणलंय. मी आपला तुमचा घेवडा ढवळत बसतो. पाठ तिकडेच असेल माझी."

"म्हातारपणी चोरी शिकवतोस होय रे?" त्या हसल्या. पेनाचं टोपण काढलं. टोक माझ्या कागदावर टेकणार, तोच हात थांबला. "नको. मी आत नव्हते, हे खरंय. लिहायचंच तर तुझ्या पुस्तकात तू लिही. वर्ना सिझमोर, दाराबाहेर हजर."

"समितीने खोडलं तर?"

"तर त्यांना माझ्याकडे पाठव. जेवायला."

डॉइलनी आपल्या कागदावर ते तसंच्या तसं लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

आयलीनची सात वर्षांची लेक, टॅन्सी, टेबलाला हनुवटी टेकून सगळं ऐकत होती. तिने त्या कोऱ्या ओळीवरून बोट फिरवलं. कितीतरी वर्षांनी तिथं कुणाचं तरी बोट लागलं.

"आजी, आई रडत होती ते आतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं ना?"

"येत असणार, बाळा."

"मग दार का नाही उघडलं कुणी?"