मासळीचा वास लागलेले दान

मित्रांनो, व्हर्नेल टार्वर गेल्याचे ज्या सकाळी कळले, त्या सकाळी मी चर्चच्या स्वयंपाकघरात खालच्या फळीवर उपडी पडलेली होते. कोरोनाच्या साथीमुळे चर्चला कुलूप होते. पाळक रेव्हरंड लॅमार हिक्स पलीकडच्या खोलीत एकटेच बसून एकेकाला फोन करत होते. मधली भिंत पातळ आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"हो, आपली व्हर्नेल. आज पहाटे, हॉस्पिटलात. नाही हो, एझेलला आत सोडलंच नाही. नर्सने फोन तिच्या कानाशी धरला, तेवढंच."

हेच वाक्य ते सांगत राहिले. शेवटी त्यांचा आवाज बसला.

मी एक जुनी बिडाची कढई आहे. टेनेसीतल्या एका कारखान्यात वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून मला घडवले. व्हर्नेलच्या आजीने कापूस वेचून साठवलेल्या पैशांतून मला विकत घेतले. तिच्या अंगणात माझ्यात डुकराची चरबी वितळली, कपडे उकळले, साबणसुद्धा शिजला. पुढे व्हर्नेल लग्न करून एझेलच्या गावी, मेम्फिसच्या खालच्या अंगाला नदीकाठी आली, तेव्हा तिच्या आईने दिलेले आंदण म्हणजे मीच. तिने मला घरी ठेवले नाही. चर्चला दिले. मी या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी आहे, म्हणून त्यांच्याबद्दल एकेरी बोलते. रेव्हरंडांना मात्र मान देते, कारण त्यांना सगळेच देतात.

आमचे चर्च काळ्या माणसांचे. इथल्या लोकांच्या पणजोबांनी स्वतः विटा वाहून ते बांधले. तेव्हापासूनची एक रीत आहे: गरज पडली की मासे तळायचे. छप्पर गळू लागले, मासे तळले. पियानोच्या पट्ट्या बसल्या, मासे तळले. कोणाच्या मुलीला नर्सिंगला जायचे होते, मासे तळले. मक्याच्या पिठात घोळवलेला कॅटफिश, बाजूला स्पॅगेटी, कोबीची कोशिंबीर, पांढऱ्या पावाचे दोन तुकडे आणि तिखट सॉस. असे ताट घ्यायला दुसऱ्या चर्चचे लोकही यायचे आणि जाताना म्हणायचे, "आमच्याकडे उपदेश चांगला, पण कढई तुमची."

आणि कोणी वारले की दफनानंतर सगळे हॉलमध्ये जमून जेवायचे. या जेवणात रडणे थोडे आणि हसणे फार. गेलेल्या माणसाच्या गमती सांगायच्या, पुन्हा वाढून घ्यायचे. गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसासाठी व्हर्नेलने माझ्यात तळले. तिच्या स्वतःच्या दफनाला मात्र मोजकी माणसे आली, तीही एकमेकांपासून लांब उभी राहिली. मग सगळे आपापल्या गाडीत बसून घरी गेले. जेवण झाले नाही.

मित्रांनो, बिडाच्या भांड्याला माणसाचा हात लागत नसला की गंज चढतो. व्हर्नेल दर महिन्याला मला तेलाचे फडके फिरवायची. ती गेल्यावर माझ्या तळाशी तांबूस डाग पडला.

चर्चचेही तसेच झाले. उपासना बंद, म्हणून अर्पणही बंद. रेव्हरंड पगार घेत नव्हते. ते शाळेची बस चालवायचे, पण शाळाच बंद होत्या. विजेचे बिल आणि विमा कोणाला थांबतो? त्यात शेजारच्या टायरवाल्याने निरोप धाडला, की मागची जागा द्या, रोख पैसे देतो. मागची जागा म्हणजे गाड्या लावायचे पटांगण आणि हे स्वयंपाकघर. विकले तर चर्च वाचणार होते, पण मासे तळायला जागा उरणार नव्हती. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन मंडळींनी फोनवर बैठक घेतली. एझेलही त्यांच्यातलाच. तो काही बोलला नाही. उन्हाळ्याअखेर ठरवू, असे ठरले.

रेव्हरंडांनी सगळ्यांना सुचवले की अर्पण आता फोनवरून पाठवा, बटण दाबले की झाले. त्यावर मदर पर्ली बूकर, आमच्या चर्चची सगळ्यांत म्हातारी बाई, म्हणाली, "रेव्हरंड, आपल्याकडे अर्पण उठून, चालत, गात टेबलापाशी नेऊन द्यायचं असतं. बसल्या जागी टकटक करून द्यायला मी काय पिझ्झा मागवतेय?"

तिच्या वयाच्या सगळ्यांनी हेच धरले. पैसे पाकिटात आणि पाकिटे उशीखाली राहिली.

एक दिवस एझेल कुलूप उघडून आत आला. त्याने मला उलटे केले आणि डाग पाहिला. मग मला उचलून घरी नेले. घासले, तापवले, तेल लावले. घर मोठे आणि गप्प होते. बुधवारी संध्याकाळी त्याला भूक लागली, तेव्हा त्याने माझ्यात तेल ओतले.

बुधवार हा प्रार्थनेचा दिवस. साथीत सगळे एकाच नंबरावर फोन लावून एकत्र प्रार्थना करायचे. रेव्हरंड बोलत असताना बाकीच्यांनी आपला आवाज बंद करायचे बटण दाबायचे, असा नियम होता. एझेलने फोन ओट्यावर ठेवला आणि बटण दाबायला विसरला. रेव्हरंड आजाऱ्यांची नावे घेत होते. त्याने पहिला तुकडा माझ्यात सोडला. मी चर्रर्र केले.

"हे प्रभू, तुझ्या लेकरांवर..." रेव्हरंड थांबले. "हा पावसाचा आवाज कुठून येतोय?"

"पाऊस नाही तो," मदर पर्लीचा आवाज आला. "प्रार्थना मोडायची नाहीये मला. पण कोणीतरी मासे तळतंय."

"मदर, डोळे मिटा."

"डोळे मिटलेत. कान कसे मिटू? आणि तळणाऱ्याचं तेल गार आहे. मासा रडतोय नुसता. कोण आहे रे तो?"

एझेलने फोनकडे पाहिले. "मी आहे, मदर. एझेल."

व्हर्नेलला पुरल्यापासून तो त्या नंबरावर एक शब्द बोलला नव्हता.

"मक्याचं पीठ घेतलंस की मैदा?" मदर पर्लीने विचारले.

"मक्याचं."

"कढई?"

"तिचीच."

"मग आच वाढव. तिच्या कढईला लाज आणू नकोस." आणि थोड्या वेळाने, हळू आवाजात, "शुक्रवारी मला एक ताट आणून दे. पायरीवर ठेव, दार वाजव आणि मागे सरक."

"मलाही एक," कोणीतरी म्हणाले. "आमच्याकडे दोन." सगळ्यांची बटणे सुटली. रेव्हरंड म्हणाले, "आता आमेन म्हणून टाकू या. यापुढे कोणाचं लक्ष राहणार नाही. एझेल, मलाही एक."

शुक्रवारी एझेलने मला परत चर्चच्या स्वयंपाकघरात आणले. पहिल्या घाण्याचे पीठ सुटून तेलात तरंगले. तोंडाला फडके बांधून तो माझ्याशीच बोलत होता, "तिने कधी शिकवलंच नाही. म्हणायची, तू खा आणि कौतुक कर." दुसरा घाणा करपला. तिसरा जमला. पुढच्या शुक्रवारी गाड्यांची रांग टायरवाल्याच्या दारापर्यंत गेली. त्याने आधी तक्रार केली. मग ताट घेतले, मग दर शुक्रवारी घेऊ लागला.

पैसे नसलेला कोणी आला आणि खिसे चाचपू लागला, की एझेल म्हणायचा, "तुझे व्हर्नेलने भरलेत. पुढे सरक, मागे लोक भुकेले आहेत." आजाऱ्यांच्या पायऱ्यांवर ताटे जायची. ताट द्यायला गेलेला माणूस खिडकीबाहेर उभा राहून चार शब्द बोलायचा, प्रार्थना करायचा आणि परत यायचा. रेव्हरंड म्हणायचे की चर्चचे दार बंद असताना आपण इतक्या घरी कधी गेलो नव्हतो.

त्या गाड्या पटांगणाला वळसा घालून एझेलच्या टेबलापुढून जाताना रेव्हरंडांनी पाहिल्या आणि त्यांना कल्पना सुचली. रविवारी त्यांनी उपासना पटांगणातच घेतली. लोक आपापल्या गाडीत, काचा खाली. आमचे लोक उपदेश मुकाट्याने ऐकणारे नव्हेत. एरवी ते मोठ्याने "आमेन" म्हणतात, त्या दिवशी भोंगे वाजवू लागले. मदर पर्ली पुतण्याच्या शेजारी बसली होती. ती त्याच्या अंगावरून हात घालून सारखी भोंगा दाबायची.

"मदर, मी अजून मुद्द्यावर आलो नाही," रेव्हरंड म्हणाले.

"म्हणूनच वाजवतेय. या ना मुद्द्यावर."

अर्पणाच्या वेळी गाड्या गाणे म्हणत टेबलाला वळसा घालू लागल्या. टेबलावर पितळी तबक ठेवले होते. नदीकडून वारा आला आणि पाकिटे पटांगणभर उडाली. दोन डीकन त्यांच्यामागे धावले. ते पाहून लोक गाडीत हसून लोळले. एझेल आत गेला आणि मला उचलून घेऊन आला. मी खोल आणि जड. वारा माझे काय करणार? मदर पर्लीची गाडी आली, तिने उशीखालची सगळी पाकिटे माझ्यात टाकली आणि म्हणाली, "आता कसं, चालत नाही तर चाकांवर का होईना, नेऊन दिलं."

मित्रांनो, माझ्या इतक्या आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता. फक्त मला कितीही पुसले तरी वास जात नाही. सोमवारी बँकेतल्या मुलीने नोटा मोजताना रेव्हरंडांना विचारले, "तुम्ही चर्च चालवता की खाणावळ?" रेव्हरंड म्हणाले, "शुक्रवारी ये, तूच ठरव."

उन्हाळा संपला. डीकन मंडळींनी पुन्हा फोन लावला. या वेळी एझेल सगळ्यांत आधी बोलला, "मागची जागा विकायची नाही. तिथे मी काम करतो." कोणी वाद घातला नाही.

पुढे लशी आल्या, चर्चचे कुलूप निघाले, हॉलमध्ये टेबले लागली. मदर पर्ली आता फोनवरूनही अर्पण पाठवते. बटण दाबण्याआधी उभी राहते, एक कडवे गाते, मग दाबते. शुक्रवारची रांग अजून लागते.

तुमच्या घरी माझ्यासारखे बिडाचे भांडे असेल तर त्याला साबणात भिजत घालू नका. पुसा, तापवा, तेलाचा हात फिरवा, आणि मुख्य म्हणजे वापरा. पूर्वी ते कोण सांभाळत असे, हेही घरात विचारून ठेवा.

परवा मदर पर्लीने स्वयंपाकघराच्या दारात काठी टेकली. "एझेल, व्हर्नेलचं राहिलेलं जेवण कधी घालतोस?"

"सगळे परत आले की, मदर."

"यायचे होते ते आले रे बाळा."

"हो, मदर."

त्याने मला पुसले, तेल लावले आणि फळीवर ठेवले. व्हर्नेलचे जेवण अजून व्हायचे आहे.