डोळ्याकडच्या बाजूचा दोरा

मुंबईहून आलेला कागद वाचला आणि विजया सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किलवणी गावच्या बुधीच्या गालावरची गाठ कापून तपासायला पाठवली होती. ती कर्करोगाचीच निघाली, आणि तुकड्याच्या एका टोकापर्यंत रोग पोचला होता. म्हणजे गालात अजून शिल्लक होता. कुठल्या बाजूला? तर खाली लिहिलं होतं, खुणेचा दोरा आढळला नाही, बाजू सांगता येत नाही.

आढळला नाही कसा? विजयाने स्वतःच्या हाताने बांधला होता. कापलेली कातडी आकसते, गुंडाळते, मग डोळ्याकडचं टोक कुठलं आणि कानाकडचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. म्हणून सिल्वासाच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात ती तुकडा आधी पुठ्ठ्यावर ताणून टाचायची, डोळ्याकडच्या टोकाला काळ्या रेशमाचा टाका घालायची आणि मगच फॉर्मॅलिनच्या बाटलीत सोडायची. फॉर्मवर तसं लिहायचीही. भूल गालापुरतीच होती, त्यामुळे बुधी हे सगळं बघत होती. दोरा कशाला, तेही विजयाने तिला सांगितलं होतं.

त्यानंतर बाटली एकाच माणसाच्या हातात गेली होती. झाकणावर मेण ओतायचं काम कंपाउंडर गजाननरावांचं.

गजाननराव खलात औषध घोटत बसले होते. विचारल्यावर त्यांनी मानही वर केली नाही. हो, दोरा आपणच कापला म्हणाले. ही जंगलातली माणसं भगताकडचे काळे दोरे गळ्यात बांधतात, दंडात बांधतात, आता बाटलीतसुद्धा घालायला लागली. मुंबईच्या डॉक्टरांनी पाहिलं तर आपली काय शोभा राहील? वर अंधश्रद्धेला खतपाणी घालू नये, हेही ऐकवलं.

तोच खल या शहाण्याच्या टाळक्यात घालावा असं विजयाला वाटलं. फॉर्मवरची एक ओळ वाचायचे कष्ट त्याने घेतले नव्हते. रोग कानाकडे उरलाय हे कळलं असतं तर थोडक्यात भागलं असतं. आता इथले डॉक्टर दोन्हीकडून कापणार, आणि डोळ्याकडून कापायचं म्हणजे खालची पापणी जाणार. कदाचित उगाचच जाणार.

"हे तिला तुम्ही सांगायचं, गजाननराव," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

बुधी बाहेर बाकावर इतर रोग्यांबरोबर बसली होती, गालावर पट्टी. गजाननरावांनी घसा खाकरला आणि मुंबईच्या लोकांनी काहीतरी घोटाळा केला, पुन्हा जरा कापावं लागेल, असं पुटपुटले.

बुधीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती विजयाशी बोलली.

"यानी दोरा कापला तवा मी इथंच होती. बाईनी बांधलाय, तोडू नको, असा मी याला सांगतला. यो हसला."

विजयाने आतून दुसऱ्या ऑपरेशनच्या संमतीचा कागद आणला, टाक गजाननरावांच्या हातात दिला आणि दोरा कोणी कापला ते लिहायला लावलं. नोकरी जाईल म्हणून ते गयावया करू लागले. ती हलली नाही. शेवटी त्यांनी लिहिलं, खाली सही केली.

बुधीला वाचता येत नव्हतं. म्हणून विजयाने तो कागद बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचून दाखवला.