दाभाड्यांच्या सॉकेटपर्यंत

"आपलं घर म्हणजे अभेद्य किल्ला," असं मोरेश्वर टिपणीस स्टुलावर उभे राहून म्हणाले, आणि त्याच वेळी हेमलताबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेला.

"दुखतंय का गं?"

"नाही. खाली दाभाड्यांच्या ओट्यावर पोचलाय. कणीक सैल मळलीय त्यांनी."

आतल्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं, म्हणून टिपणिसांनी विजेच्या तारांतून इंटरनेट नेणारे दोन डबे आणून प्लगला लावले होते. पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच ठेवला. नव्या वस्तूवरचं प्लास्टिकसुद्धा ते कधी काढत नसत. दाभाड्यांकडेही तसलेच डबे होते, पासवर्डही तोच, त्यामुळे दोन्हीकडचे डबे एकमेकांना ओळखत. त्यातून सोसायटीत एक फेज गेली की शेजाऱ्याकडून वायर ओढायची रीत. उन्हाळ्यात दाभाड्यांकडून ओढलेली वायर खिडकीतून अजून तशीच लोंबत होती.

आधी टिपणिसांकडच्या मालिका खाली दाभाड्यांकडे दिसू लागल्या. मग टिपणिसांचं घोरणंही त्याच वाटेने खाली गेलं. दाभाडे जिन्यात म्हणाले, "काका, जरा कुशीवर झोपत जा." हेमलताबाई जातील असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

खांदा आत गेला, तेव्हा टिपणिसांनी पासवर्ड बदलायला घेतला. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तो मनातल्या मनात ठरवला.

"मुलीचं नाव नको, काका," सॉकेटमधून दाभाडे म्हणाले. "कोणीही ओळखेल."

टिपणिसांनी दुसरा ठरवला.

"हा तर गावाचा पिनकोड."

तोवर हेमलताबाईंची वेणीही आत सरकली. टिपणिसांनी पक्कड घेतली आणि खिडकीतली वायर तिच्यात धरली.

"तोडू का?"

"तोडा की. पण आधी मी कुठे आहे ते बघा," बाई म्हणाल्या. आवाज त्या वायरमधूनच येत होता.

टिपणिसांनी खोलीत पाहिलं. सॉकेटखाली नुसत्या सपाता होत्या.

"दाभाडे, ही तुमच्याकडे आली का हो?"

"हातच आलाय, काका. पोळ्या लाटतोय. बाकीच्या अजून वाटेत असतील."

वायर पकडीत कोमट लागत होती आणि श्वास घेतल्यासारखी हलत होती. टिपणिसांना पक्कड मिटवेना की उघडवेना.

"अहो," वायर म्हणाली, "तो पंखा तेवढा एकावर करा. मला इथे वारा लागतोय."