कादिझच्या फोटोतली चार बोटं

अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळात प्रवासाच्या स्लाइड दाखवण्याचा एक नियम आहे: पहिला फोटो जोडीचा. तो पाहून काकू मंडळी ‘वा’ म्हणतात, मगच कार्यक्रम पुढे सरकतो. मीही स्पेनमधल्या कादिझ शहराच्या स्लाइड आठवडाभर आधी समितीला पाठवल्या, तेव्हा तो नियम पाळला होता. समुद्रालगतचा जुना तट, मी, आणि माझा नवरा थिओ.

शनिवारी दुपारी हॉलमधले दिवे मंद झाले आणि पडद्यावर मी एकटाच आलो. माझ्या खांद्यावर चार बोटं होती. त्या बोटांना मालक नव्हता.

मालक तिसऱ्या रांगेत बसला होता.

अध्यक्ष मालिनीताई लगबगीने जवळ आल्या. “हेमचंद्र, थोडं क्रॉप केलं रे. फॅमिली ऑडियन्स आहे. मुलं प्रश्न विचारतात.”

“मुलांना माहीत आहे, ताई. तुमच्या मुलीनं, अनुष्कानं, तिच्या लग्नाचं कार्ड आम्हा दोघांच्या नावानं पाठवलं होतं.”

“ते इंग्लिशमध्ये वेगळं असतं.”

मी तीस वर्षं मोटारींच्या भागांतल्या भेगा तपासल्या. नको तो भाग कापून छायाचित्र सादर करणाऱ्याला आमच्या प्रयोगशाळेतून काढून टाकत. इथे त्याला समितीवर घेतात.

कादिझच्या हॉटेलातल्या बाईंनी आमचे पासपोर्ट पाहून एकच विचारलं होतं: खोली समुद्राकडची हवी की गल्लीकडची? एका नोंदीवरून मी शहराविषयी निष्कर्ष काढत नाही. या हॉलविषयी मात्र माझ्याकडे नऊ वर्षांच्या नोंदी होत्या. दर गणपतीला थिओ इथे खुर्च्या मांडतो. तेव्हा त्याला कोणी कापत नाही.

मी माइक घेतला. “मंडळी, पुढचे एकसष्ट फोटो थिओनं काढले आहेत. समितीच्या मते तो प्रवासात नव्हता. तेव्हा ते फोटोही नाहीत.”

“तमाशा नको यार,” लॅपटॉपपाशी बसलेला संजीव पुटपुटला.

मी खिशातला पेन ड्राइव्ह त्याच्यापुढे धरला. “मूळ फोटो यात आहे. तो लाव, मी लगेच सुरू करतो.”

संजीवनं मालिनीताईंकडे पाहिलं. ताईंनी पडद्याकडे. मी घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजलं. पेन ड्राइव्ह कोणी घेतला नाही.

मी तिसऱ्या रांगेत गेलो आणि घडलेलं थिओला इंग्रजीत सांगू लागलो.

“ते मला दिसलं,” तो कोट चढवत म्हणाला. “भाषांतर नको. गाडी काढ.”