मिरचीचे पाय आणि सगळ्यांची अक्कल

मिरची वेळेच्या फार आधी जन्मली, आणि त्या गडबडीत तिच्या मेंदूला थोडा वेळ प्राणवायू कमी पडला. त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. सात वर्षांच्या मिरचीच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच, की पायांचे स्नायू ताठ, टाचा जमिनीला टेकायला नाखूश, आणि जीभ जड. जीभ जड असली तरी तिखट होती, म्हणूनच बापाने हे नाव ठेवलं.

आजार एक आणि वैद्य छप्पन्न, असं तिच्या आईच्या नशिबी आलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. तिथे काचा बसवून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मिरचीची चौकशी करता करता उपचार सांगून जायचं. एकीने चुंबकाची गादी सुचवली. एकाने हिला घोड्यावर बसवा म्हणून सांगितलं आणि घोडा कुठे मिळेल ते मात्र सांगितलं नाही. शेजारीण म्हणाली, "लाड कमी करा, आपोआप चालेल."

या सगळ्यांचे मुकुटमणी म्हणजे मोठे दीर. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ मोबाइलवर व्हिडिओ बघून मेंदूविकारतज्ज्ञ झाले होते. मिरचीची आई मनातल्या मनात त्यांना 'विद्यापीठ' म्हणायची आणि तोंडावर 'भाऊजी'.

"हे बघ," एका रविवारी विद्यापीठ सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाले, "तुमचं ते सरकारी दवाखान्यातलं पाय ओढणं, ताणणं बंद करा आता. नवीन केंद्र निघालंय. जाकीट घालतात, जाकिटातून लहरी सोडतात. मूल उठून चालायला लागतं! मी नाव नोंदवून आलोय मिरचीचं."

"भाऊजी, आम्हाला विचारायचं तरी."

"चांगल्या कामाला विचारायचं काय?"

एरवी तिने वाटाण्याच्या अक्षता लावल्या असत्या. पण त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सरळ सांगून टाकलं होतं, की घराबाहेर हिला बहुधा कायम वॉकर लागेल. या बाईंना गोड बोलण्याचं वावडं होतं. ते वाक्य आईच्या डोक्यातून जात नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "बघून तर येऊ." आणि नवऱ्याच्या नजरेला नजर देणं तिने टाळलं.

केंद्र म्हणजे नुसता थाट. पांढरे सोफे, पांढऱ्या भिंती आणि पांढरे बूट घातलेले संचालक. ते कशाचे डॉक्टर आहेत हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दिवाणखान्यासारख्या सभागृहात चाकांच्या खुर्च्यांवर मुलं बसली होती, काहींच्या अंगात ती जाकिटंही होती, आणि त्यांच्यामागे उभ्या आईबापांच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. तो ओळखीचा वाटला म्हणून मिरचीच्या आईने मान खाली घातली.

प्रात्यक्षिकासाठी विद्यापीठांनी हात वर केला आणि मिरचीला पुढे ढकललं. तिचा वॉकर बाजूला गेला. अंगावर वायरींचं जाकीट चढलं आणि ते घूंऽऽ करून थरथरू लागलं. संचालक हात पसरून म्हणाले, "ये बाळ!"

मिरची डुलत डुलत चार पावलं चालली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्यापीठ उभे राहून टाळ्या पिटत होते. आणि मिरचीची आई? तीही वाजवत होती! ही चार पावलं मिरची रोज घरी खुर्चीपासून कपाटापर्यंत टाकते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हात वाजतच राहिले. लक्षात आलं तेव्हा तिने ते पर्सखाली दडवले.

"बोल बाळ, काय वाटतंय?" संचालकांनी माइक पुढे केला.

मिरचीला शब्द जुळवायला वेळ लागतो. "मी..."

"मी चालले, म्हणतेय!" संचालक गहिवरले.

"नाही," मिरची म्हणाली आणि तिने माइकची दांडी घट्ट धरली. तिने एकदा धरलेली वस्तू सोडवणं सोपं नसतं. "मी... घरी... पण... चालते."

मागून एका बापाने विचारलं, "मग जाकिटाने काय होतं?"

मिरचीने नीट विचार केला. "गुद...गुल्या."

कुणीतरी फिसकन हसलं. संचालक "मुलं किती निरागस असतात" असं काहीसं पुटपुटले, पण पहिल्या रांगेतल्या एका बाईने तोवर आपल्या लेकाच्या जाकिटाचे पट्टे सोडायला घेतले होते. मिरचीची आई तरातरा पुढे गेली. तिने जाकीट काढून संचालकांच्या हातात दिलं आणि लेकीसमोर वॉकर ठेवला.

गाडीत विद्यापीठांचा पारा चढला. "चारचौघांत नाक कापलं माझं! पोरीला वळण नाही."

"खरं बोलली ती," आई म्हणाली. "भाऊजी, यापुढे तिच्या उपचाराचं आम्ही बघू. तुम्ही तिच्याशी पत्ते खेळायला या."

दुसऱ्या दिवशी तिने फिजिओथेरपिस्ट बाईंना सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. बाई चिडल्या नाहीत. पिंढऱ्यांचा ताठपणा कमी करणारी इंजेक्शनं, मग काही आठवडे प्लास्टर, पायाला बांधायचे नवे स्प्लिंट आणि रोजचा व्यायाम असं त्यांनी समजावलं. "जादू नाही यात. कंटाळा भरपूर आहे."

"पण चालेल ना हो ती?"

"कुठे जायचंय ते तिला विचारलंत कधी?"

विचारलं नव्हतं. कुणीच नव्हतं विचारलं. बाईंनी मिरचीकडे पाहिलं. मिरची म्हणाली, "बाथ...रूम. एकटी. कडी... लावून."

आईला हसू आलं आणि लगेच विरलं. सात वर्षं प्रत्येक वेळी कुणी ना कुणी दार उघडं ठेवून समोर उभं होतं, आणि त्याची लाज पोरीला वाटत असेल हे तिच्या गावीही नव्हतं.

मग इंजेक्शनं झाली, रडारड झाली, प्लास्टर झालं. बाथरूममध्ये बापाने दांड्या ठोकल्या, एक तिरकी बसली म्हणून उखडून पुन्हा ठोकली. बाहेरून उघडेल अशी कडी आणली. उठणं, वळणं, बसणं, धरणं यातच महिनेच्या महिने गेले. मिरची पडली, चिडली, आईला चावलीसुद्धा. बाहेर जाताना वॉकर लागतोच.

पण आता ती एकटी बाथरूममध्ये जाते, कडी लावते आणि आत निवांत गाणी म्हणत बसते.

विद्यापीठ मात्र सगळ्या नातेवाइकांना सांगत फिरतात, "त्या जाकिटाच्या लहरी अंगात उशिरा भिनतात." परवा हेच व्याख्यान देता देता ते घाईने उठले आणि बाथरूमचं दार ठोठावू लागले. आतून गाणं थांबलं नाही. मिरचीच्या आईने बाहेरून कडी उघडता येते हे त्यांना सांगितलं नाही. ती शांतपणे चहा पीत बसली.