तीनशे चारची पत्रपेटी

बर्थाबाईंचं पत्र निर्मळची कार्तिकातली जत्रा उलटल्यावर आलं, आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही. ते हरवलं होतं असं नव्हे. माझ्या टेबलावर, शब्दकोशाखाली होतं. रोज सकाळी चष्मा शोधताना त्याची निळी कड दिसायची आणि मी तिच्यावर वर्तमानपत्र सारायचो.

आंतरदेशीय पत्रं अजून कोण लिहितं? बर्थाबाई लिहितात, निर्मळच्या ज्युलियसची बायको, फ्लॉईडची आई. वळणदार अक्षर, शाईचं पेन. "ज्युलियस गेल्याला दोन पावसाळे झाले. तुम्ही बसवून दिलेली मधपेटी वाडीत तशीच आहे, रिकामी. त्याच्या आजारपणात तिच्याकडे कोणी बघितलं नाही, मेणकिडा लागला आणि माशा उठून गेल्या. यंदा दुधीला फुलं येतात, पण बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. फ्लॉईड म्हणतो, पेटी फोडून बंबात घाल, पाणी तरी तापेल. मी त्याला म्हटलं, आधी मणचेकरांना विचारते. पेटीत घालायला माशा मिळतील का? ईस्टरपर्यंत वाट बघते. होय-नाही काहीही कळवा."

होय लिहावं तर माशा कुठून आणू? नाही लिहावं तर ज्युलियसची पेटी बंबात. पत्रावर फोन नंबर नव्हता. असता तर कदाचित मी तोही लावला नसता.

माझं काम सांगायला सोपं आहे. लोकांच्या इमारतींत बसलेली मोहोळं न मारता काढायची आणि झाडाझुडपांत नेऊन ठेवायची. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर हे सुरू केलं. गावाकडे आमचे काका करायचे, त्यांच्या मागे हिंडून थोडंफार शिकलो होतो, बाकीचं पुस्तकांतून. करायला मात्र ते सोपं नाही, कारण बहुतेक वेळा मी पोचेपर्यंत मोहोळ उरलेलंच नसतं. विरारला पाण्याच्या टाकीखाली सातेरी माशा बसल्या होत्या. सातेरी ही आपली लहान, गरीब माशी, पेटीत राहणारी. मी म्हटलं, संध्याकाळी येतो. गेलो तेव्हा झाडूनं लोटलेला मेलेल्या माशांचा ढीग होता आणि एकजण मला म्हणाला, "काका, तुमचा चहा तरी घेऊन जा." मी चहा घेतला. नको म्हणणं मला जमत नाही.

होळी होऊन गेली आणि एका रविवारी सकाळी नालासोपाऱ्याहून फोन आला. एका सोसायटीचा सेक्रेटरी होता, सिद्धेश नावाचा.

"मधमाश्यावाले काका तुम्हीच ना? लेटरबॉक्समध्ये घुसल्यात. तीनशे चारच्या."

"लहान आहेत? पट्ट्यापट्ट्यांच्या? फटीतून आत-बाहेर करतायत?"

"मी जवळ नाय गेलो. ऐका ना, चारला पेस्ट कंट्रोलवाला येतोय. त्याच्या आधी नेत असाल तर बघा."

"अहो, माशा दिवसभर फुलांवर असतात. दिवेलागणीला सगळ्या परततात, तेव्हाच पेटी बंद करता येते. चारला म्हणजे..."

"काका, चार म्हणजे चार."

"बरं," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून माझी बायको मनोरमा म्हणाली, "बरं म्हणालात? विरारलाही बरंच म्हणाला होतात."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"मला काय विचारता? पुस्तकं तुम्ही वाचता."

रिकामी पेटी, धूर द्यायचं धुराडं, सुरी आणि केळीच्या सोपटाचे दोरे पिशवीत भरून मी रिक्षा केली. वाटेत मनात सगळं मांडून ठेवलं होतं. ही वसाहत वाचली तर ती बर्थाबाईंची. नाही वाचली तर आज घरी गेल्यावर 'नाही' लिहायचं आणि मोकळं व्हायचं.

जिन्याखाली पत्रपेट्यांचं लाकडी कपाट होतं. रंग उडालेला, निम्मी दारं कायमची मिटलेली. तीनशे चारचा मालक बडोद्याला असतो, त्याच्या खणाला बोटभर कुलूप. फटीतून सातेरी माशा शहाण्या बिऱ्हाडकरूंसारख्या ये-जा करत होत्या. मी कपाटाला कान लावला. आतून तो आवाज आला, मंद, एकसारखा, दूरवर कुणी पाठांतर करत असावं तसा. मला फार बरं वाटलं. ते तेवढ्यापुरतंच.

"कुलूप मालकाचं आहे," सिद्धेश म्हणाला. "परमिशनशिवाय तोडलं तर उद्या तो मलाच धरेल. ग्रुपवर टाकलंय."

मग मी ग्रुपची वाट बघत बसलो. सिद्धेश अधूनमधून वाचून दाखवायचा. कुणी म्हणत होतं, मधमाश्या म्हणजे लक्ष्मी, हलवू नका. कुणी माशांनी बैल मारल्याचा कुठलासा व्हिडिओ टाकला. पहिल्या मजल्यावरून विचारणा झाली की मध फ्लॅटप्रमाणे वाटणार की मेंटेनन्स भरणाऱ्यांनाच. बडोद्याहून उत्तर येईना. दुपार कलली, माझा डबा खाऊन झाला.

हातात वेळ होता म्हणून मी एक सूचना लिहून भिंतीवर चिकटवली. चूक इथे झाली, आणि ती माझ्यासारखाच माणूस करील. लिहायला बसलो की मला थांबता येत नाही. माशांचा स्वभाव, त्यांचे उपकार, धूर का करतात, हे सगळं लिहून झाल्यावर अगदी तळाशी, जागा उरली नाही म्हणून बारीक अक्षरात, एकच कामाची गोष्ट आली: संध्याकाळी इथला दिवा लावू नका, माशा उजेडाकडे झेपावतात.

झाडलोट करणाऱ्या धोंडूबाई केरसुणी टेकवून कागदासमोर उभ्या राहिल्या. "कोन वारलं काय?"

"नाही हो. सूचना आहे. माशांबद्दल."

"येवढी मोठी? मला वाटलं, दहाव्याची."

अखेर बडोद्याहून एक अंगठा आला. नुसता उभा अंगठा. सिद्धेश म्हणाला, "चालेल, तोडा." तोडायला लागलंच नाही, धोंडूबाईंनी केसातली पिन काढून कुलूप फिरवलं आणि म्हणाल्या, "ह्ये काय कुलूप हाय? निस्तं लाजंखातर लावलंय."

दार उघडलं. मधल्या फळ्या कधीच मोडल्या होत्या. तीन खणांत मिळून पोळ्याचे पांढुरके कान लोंबत होते आणि त्यांच्यावर माशा अंगावर शाल घ्यावी तशा पसरल्या होत्या. सगळ्यात मागे विजेची जुनी बिलं मेणानं भिंतीला चिकटली होती. मी थोडा धूर दिला, पोळी एकेक कापली, चौकटींत धरून सोपटाच्या दोऱ्यानं बांधली. दोन-तीन दिवसांत माशा ती मेणानं सांधतात आणि दोरा कुरतडून बाहेर टाकतात. अंगठ्याला एक डंख बसला. राणी शेवटच्या पोळ्यावर सापडली, लांबट, घाईत असल्यासारखी. तिला पेटीत सोडलं आणि पेटीचं दार फटीसमोर येईल अशी पेटी स्टुलावर ठेवली. आतल्या माशा रांगेनं पेटीत शिरू लागल्या.

"राणी मिळाली?" सिद्धेशनं जिन्याच्या वरून विचारलं.

"मिळाली."

"झालं मग! न्या. पावणेचार झालेत."

"निम्म्या माशा अजून बाहेर आहेत. त्या इथंच परत येणार. आत्ता पेटी नेली तर..."

"राणी आहे ना पण?"

"नुसत्या राणीनं..." मी बोलायला लागलो. डोक्यात सगळं होतं. बाहेरून अन्न आणणाऱ्या माशा गेल्या तर उरलेल्या नव्या जागी तगत नाहीत, पेटी आठवड्यात रिकामी होते, निर्मळला एक वाडी आहे. तोंडातून आलं ते एवढंच, "तसं नसतं हो ते."

"काका, तुम्ही घेऊन जाईन म्हणालात. बरं म्हणालात फोनवर."

हे खरंच होतं. 

तेवढ्यात पाठीवर पंप लावलेला माणूस आला. "चाचा, थोडा साइड में."

मला बाजूला व्हायचं नव्हतं. पण मी ठाम उभा राहिलो असंही नाही. धुराड्यापाशी किती वेळ उकिडवा बसलो होतो कोण जाणे, दोन्ही गुडघे आखडले होते. उठायला गेलो आणि पेटीला पाठ लावून पुन्हा फरशीवरच बसलो. पिशवीतलं पुस्तक काढलं आणि उघडलं. अक्षर दिसत नव्हतं, चष्मा कपाळावर होता. 

"चाचा?"

मी पान उलटलं.

"काका, तमाशा नको ना," सिद्धेश खाली उतरत म्हणाला. "लोक बघतायत."

बघतच होते. दुसऱ्या मजल्यावरच्या रचनाताई भाजीची पिशवी घेऊन दारात अडकल्या होत्या. त्या सकाळपासून तीनदा मला 'अजून किती वेळ' विचारून गेल्या होत्या आणि आताही वैतागलेल्याच होत्या, फक्त वैताग दुसरीकडे वळला. "सिद्धेश, आता म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर औषध मारणार का? सेक्रेटरी झालास म्हणजे काय?"

"मी कुठं मारतोय! ते उठत नाहीयेत!"

"मग बसू दे. तासभर बसून कुणाची इस्टेट जातेय?"

पंपवाल्यानं घड्याळ बघितलं. त्याला पुढे आचोळ्याला झुरळं मारायची होती. "बुलाना हो तो कल फोन करो," म्हणाला आणि निघून गेला. सिद्धेश माझ्याकडे बघत राहिला. "जबरदस्त आहात काका," तो कडवटपणे म्हणाला. मी जबरदस्त नव्हतो, मला उठता येत नव्हतं. पण ते सांगण्याचीही हिंमत झाली नाही.

ऊन उतरलं तशा माशा परतू लागल्या. कपाटासमोर घुटमळायच्या, मग राणीच्या वासानं पेटीत शिरायच्या. मी मनात म्हणत होतो, या, या ग बायांनो. आणि निम्म्या आत गेल्या असतील नसतील, तोच कुणीतरी जिन्यातली ट्यूबलाइट लावली.

पेटीच्या दारातल्या माशा उठल्या आणि ट्यूबवर जाऊन आपटायला लागल्या. एकेक खाली पडत होती, फरशीवर गोल गोल फिरत होती. मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच असेल. "दिवा! दिवा बंद करा! लिहिलंय ना तिथं!"

"कुठं लिहिलंय?" सिद्धेशनं बटण दाबून दिवा बंद केला आणि मोबाइलचा उजेड सूचनेवर धरला. वरपासून खालपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. "काका," तो म्हणाला, "हे वरती लिहायचं ना. एका ओळीत. मोठ्या अक्षरात."

मला त्याचा भयंकर राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

फरशीवरच्या माशा मी आणि धोंडूबाईंनी मिळून पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर गोळा करून पेटीच्या दाराशी सोडल्या. बऱ्याच चालत आत गेल्या. बऱ्याच गेल्या नाहीत. अंधार झाल्यावर मी पेटीच्या दाराला जाळी लावली आणि पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसलो.

सांधलेली पोळी घट्ट होईपर्यंत पेटी पुन्हा हलवता येत नाही, म्हणून ती आमच्या गॅलरीत राहिली. मनोरमानं कपडे वाळत घालायची दोरी निमूटपणे बेडरूमच्या खिडकीत नेली. रोज सकाळी मी पेटीसमोर बसायचो. माशा नवीन जागा सोडून सगळ्याच्या सगळ्या उठून जातात, हे मी वाचलंही होतं आणि पाहिलंही होतं. आज गेल्या नाहीत, मग उद्या जातील.

"आता लिहा त्या बाईंना," मनोरमा म्हणाली.

"टिकतील की नाही ते कळू दे. पराग आणायला लागल्या की कळेल."

दोन दिवसांनी एक माशी मागच्या पायांवर पिवळे गोळे घेऊन उतरली. मग दुसरी. पिल्लांना खायला हवं असतं तेव्हाच पराग येतो. म्हणजे राणी अंडी घालत होती.

"लिहा," मनोरमा म्हणाली.

"आठवडाभर बघू. निर्मळला नेल्यावर बिथरल्या तर? फ्लॉईड म्हणेल, काय हा माणूस."

त्याच संध्याकाळी आमच्याच सोसायटीच्या चेअरमननी मला जिन्यात गाठलं. "मणचेकर, गॅलरीत काय पाळलंय म्हणे? दोघांची तक्रार आहे. रविवारपर्यंत काढा बघू, नाहीतर औषधवाल्याला बोलवावं लागेल."

मी तोंड उघडलं. 'बरं' जिभेवर आलंच होतं.

"रविवारी संध्याकाळी," मी म्हणालो. "दिवेलागणीनंतर. त्याच्या आधी नाही."

चेअरमन चमकले. मीही चमकलो. वर आलो आणि शब्दकोशाखालून निळं पत्र काढलं. ईस्टर जवळ आला होता. येणारा रविवार झावळ्यांचा होता, ईस्टरच्या बरोबर आधीचा. आज मंगळवार, निर्मळला पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल, किंवा शनिवारी. टपालाचं कोणी सांगावं?

पहिला मजकूर दोन पानं झाला. त्यात उशिराची कारणं होती, सातेरीचा स्वभाव होता. मनोरमा खांद्यावरून वाचत होती. "दिवा कुठं आहे यात?" तिनं विचारलं. नालासोपाऱ्याची हकीकत तिला मीच सांगितली होती. मी ते फाडलं आणि दुसरं लिहिलं.

"बर्थाबाई, होय. माशा मिळाल्या. टिकतील का ते मला माहीत नाही. झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी पेटी घेऊन येतो. जुन्या पेटीच्या स्टँडच्या पायांखाली वाट्यांत पाणी भरून ठेवा, मुंग्या चढायला नकोत. आम्ही येऊ तेव्हा वाडीतला दिवा बंद असू द्या. आपला, शांताराम मणचेकर."

सकाळी कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो. तिचाही रंग उडाला आहे, फटीच्या कडेला गंज धरलाय. पत्र अर्धं आत सरकवलं, पुन्हा बाहेर काढलं. पेटीला कान लावला आणि बराच वेळ ऐकलं. पान खाणारा एक रिक्षावाला माझ्याकडे बघत होता.

आतून काहीच आवाज येत नव्हता. मी पत्र सोडलं.