भावकीची हरकत

रहाटणीत जमिनीच्या व्यवहाराची नोटीस निघाली, की हरकत घ्यायला साहेबराव हजर! म्हणूनच पुतणी तेजस्विनीच्या लग्नाची नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात लागल्याचं कळताच ते तडक तिथे पोचले. नवरा मुलगा केनियाचा, डॅनियल मुटुआ. चाकणच्या कंपनीत तिच्याच विभागात इंजिनिअर.

कागद द्यायला तेजस्विनी, तिची आई शालनबाई आणि डॅनियल तिथेच आले होते.

"नमस्कार, भावा!" कंपनीत मराठी शिकलेला डॅनियल म्हणाला. शिपायाला हसू आवरेना.

"भावा म्हणतोय मला! साहेब, माझी हरकत लिहून घ्या."

"कारण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"भावकीची संमती न्हाई."

"कुणाचं वय कमी आहे? कुणाचं आधीचं लग्न आहे? दोघं जवळच्या नात्यातले आहेत?"

"नात्यातला कसा असंल? रंग तरी बघा की त्याचा!"

"कायदा रंग बघत नाही, आणि भावकीची सहीही मागत नाही."

साहेबराव वहिनींकडे वळले. "दादा असता तर गावाला तोंड दाखवलं असतं का त्यानं?"

शालनबाईंनी पदर खोचला. त्यांच्या नवऱ्याला, मारुतरावांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"गेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं बोलणं घालू नये, भाऊजी. पर एवढं सांगते. जमिनीला हिस्सेदार असतात, पोरीला न्हाई."

"एवढा चांगला हाय व्हय पोरगा?"

"चांगला हायच. पर मी हो म्हणले, ते तिनं निवडला म्हणून."

साहेबराव चपापले. गुंठ्यावर घ्यावी तशी हरकत आपण भावाच्या लेकीवर घेत होतो!

"काका," तेजस्विनी जवळ आली, "कायदा तुमची सही मागत नाही, पण मी मागते. साक्षीदार तीन लागतात. आई आहे, माझी मैत्रीण वर्षाली आहे. बाबांच्या जागी तुम्ही या."

साहेबरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. "येतो. पर ह्याला सांग, मी भावा न्हाई, काका हाय!"

"ओके, काका!" डॅनियल ओरडला, आणि अख्खं कार्यालय हसलं.

नोटिशीची तीस दिवसांची मुदत संपली आणि लग्न लागलं. बाहेर ढोल-ताशे कडाडले! डॅनियलची आई केनियाहून आली होती. शालनबाईंनी तिची ओटी भरली, आणि मग दोन्ही विहिणी हात धरून अशा नाचल्या, की ताशेवालेच दमले!

वाचकहो, दोन सज्ञान माणसांना लग्नाचा हक्क कायद्यानं दिलेलाच आहे. तो देणारे आपण कोण? आपल्याजवळ द्यायला आहे तो आशीर्वाद. तो देताना हात आखडू नका!